गावची जडीबुटी, बियाणं अन् गाणी दुसऱ्याच्या नावावर चढू नयेत म्हणून काय करायचं

पहिलं तं डोक्यातून हे काढा की आपल्या वैदूबुवाच्या औषधाचं पेटंट काढायचं आहे. गडचिरोलीत बसा, मेळघाटात बसा, नाहीतर यवतमाळकडे कोलामांच्या पोडावर बसा, कोणी ना कोणी विचारतेच की भाऊ पेटंट कसं काढतात, अन् मंग तालुक्याच्या जागी एखादा एजंट भेटतो जो म्हणतो की एवढे हजार द्या, दोन महिन्यात काढून देतो. देऊ नका बाप्पा. १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ मधे पी नावाचं पोटकलम आहे, ते साफ सांगते की जे मुळात पारंपरिक ज्ञानच आहे, किंवा माहीत असलेल्या वस्तूंचे माहीत असलेले गुण नुसते एकत्र केलेत, त्याला शोध म्हणता येत नाही. पेटंटला नवीन लागते, अन् आपलं तं आजोबाच्या आजोबापासूनचं. (गावातल्या एखाद्या पोरानं मोहफूल वेचायचं खरंच नवीन यंत्र बनवलं असेल तं गोष्ट वेगळी, त्यानं जरूर पेटंटच्या मागे लागावं, अन् यंत्र सगळ्यांना दाखवायच्या आधी लागावं.)

म्हणजे पेटंट तुम्हाला मिळणार नाही, अन् कायद्यानं दुसऱ्यालाही मिळायला नको. आपलं काम दोनच आहे. कोणी उठून "हे मी शोधलं" म्हणत गेला तं त्याला अडवता आलं पाहिजे, अन् कोणी यातून पैसा कमवून राहिला असेल तं गावाचा वाटा मागता आला पाहिजे. दोन्हीला कागद लागतो. पण कोणता कागद करायचा अन् कोणता बिलकुल करायचा नाही, इथंच लोक फसतात.

हळदीचं ऐकलं असेल. मार्च १९९५ मधे मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरायला हळद वापरण्यावर अमेरिकेत पेटंट मिळालं, आपल्या सीएसआयआरनं (केंद्र सरकारची संशोधन परिषद) त्याला आव्हान दिलं अन् १९९७ मधे ते रद्द झालं. पण रद्द कशामुळे झालं ते कोणी सांगत नाही. आपल्याकडे घराघरात आजी हळद दाबते हे तिथल्या तेव्हाच्या कायद्यात पुरावा म्हणून चालतच नव्हतं, परदेशातला नुसता वापर ते धरत नव्हते, छापलेलं दाखवा म्हणायचे. म्हणून जुने संस्कृत ग्रंथ अन् १९५३ मधे एका भारतीय वैद्यकीय मासिकात आलेला लेख असे कागद लावावे लागले. त्यानंतर २००१ पासून सरकारनं पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी बनवायला घेतली, आयुर्वेद, युनानी, सिद्ध असे ग्रंथ पाच परदेशी भाषांत टाकून पेटंट ऑफिसांना दिले. चांगलं काम आहे, पण ते ग्रंथातलं. कोरकू बाईला माहीत असलेली मुळी, माडिया गायत्याला माहीत असलेली साल, ही कोणत्या ग्रंथात आहे? नाहीच. त्यामुळे हळदीसारखं आपलं कोणी परस्पर वाचवेल या भरोशावर राहू नका.

मंग सगळं लिहून इंटरनेटवर टाकून द्यायचं का? तिथं दुसरी गोची आहे. उघड छापलं की पेटंट कोणालाच मिळत नाही हे खरं, पण मंग ते फुकटात सगळ्यांचं झालं, कंपनीचंही झालं, अन् वाटा मागायला गेलं तं ते म्हणतील हे तं जाहीरच होतं. म्हणून वही उघडायच्या आधी बैठक.

बैठक मोहफुलाच्या अन् तेंदूच्या हंगामात ठेवू नका, कोणी येणार नाही. पावसाळा संपल्यावर, वैदू, सुईण, बियाणं राखणाऱ्या बाया, जंगलात रोज जाणारे गुराखी, असे सगळे बोलवा, सरपंच नाही आला तरी चालेल पण म्हाताऱ्या बाया आल्याच पाहिजेत. अन् तिथं माहितीचे तीन वाटे करा. एक, जे सगळ्यांनाच माहीत आहे, बिबा उतला तं काय लावायचं, तरोट्याची भाजी कधी खायची, हे बिनधास्त सविस्तर लिहा, जितकं जास्त लिहाल तितकं बरं, हाच उद्या पुरावा. दुसरा, जे गावात किंवा समाजातच माहीत आहे, बाहेर नाही. याच्यात वनस्पतीचं नाव अन् "औषधासाठी वापर" इतकंच लिहा, साल किती, कशासोबत, कोणत्या महिन्यात काढायची हे लिहू नका. तिसरा वाटा म्हणजे एखाद्या घरातलं, बापानं पोराला दिलेलं, काही ठिकाणी तं ते सांगितलं की त्याचा गुण जातो असं मानतात. ते लिहायचंच नाही. घरवाल्याला वाटलं तं त्यानं स्वतःच्या वहीत लिहून पाकिटात बंद करून ग्रामसभेच्या पेटीत ठेवावं, पाकिटावर तारीख अन् चार सह्या. जबरदस्ती नाही. मला स्वतःला विचाराल तं वैदूबुवाला लय आग्रह करू नये, ज्याचं त्याला कळते.

आता वही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची आहे, अन् त्या समितीचं मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावची झाडं, प्राणी, बियाणं अन् त्यांचा वापर यांची लेखी नोंद. तुम्ही म्हणाल आमच्याकडे असं काही झालंच नाही. झालं असेल, तुम्हाला माहीत नाही! राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती अन् त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाख भरावे लागतील असं बजावलं होतं, त्यामुळे देशभर धडाधड वह्या तयार झाल्या, काही कष्टानं केलेल्या, काही नुसत्या एकाच्या दुसऱ्यावर छापलेल्या. मी एका गावची वही पाहिली, लॅमिनेट केलेलं कव्हर, आत रंगीत फोटो, अन् माशांच्या यादीत बोंबील. चंद्रपूर जिल्ह्यात बोंबील! वैद्याच्या रकान्यात "माहिती उपलब्ध नाही" लिहिलं होतं अन् त्या गावात हाड बसवणारा म्हातारा ग्रामपंचायतीच्या समोरच राहतो.

तं पहिलं काम, ग्रामसेवकाकडे जाऊन वही मागा. तोंडी नाही, अर्ज देऊन, अन् अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या. नाही दिली तं माहितीच्या अधिकारात मागा. वही हाती आली की तीन गोष्टी बघा: समितीत कोणाची नावं आहेत (पुष्कळदा त्या माणसालाच माहीत नसते की तो सदस्य आहे), वनस्पतींची नावं आपल्या जंगलातली आहेत का, अन् आपलं जे लिहायचं नव्हतं ते कोणी लिहून तं नाही टाकलं. चुकीचं असेल तं ग्रामसभेत ठराव करून समितीला दुरुस्त करायला लावा, नोंदवही ही एकदा करून ठेवायची वस्तू नाही, तिच्यात भर घालत राहायचं असते. लिहिताना प्रत्येक झाडाचं गोंडी, कोलामी किंवा कोरकू नाव, मराठी नाव, अन् जमलं तं कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या मास्तरकडून शास्त्रीय नाव, हे तिन्ही लिहा. शास्त्रीय नावाशिवाय पुढं पेटंटच्या अर्जात ते झाड शोधताच येत नाही. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, अन् "कोणाकडून शिकले" हा रकाना स्वतःहून वाढवा. अन् ज्या पानावर वापराची माहिती आहे ती पानं वेगळी ठेवून समितीच्या परवानगीशिवाय दाखवू नये असं ठरावात घाला, वही कोणी मागितली म्हणून झेरॉक्स काढून द्यायची नसते.

एक अडचण आहे ती सांगतो. समिती ग्रामपंचायतीची असते, अन् आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावं, टोले. ज्ञान टोल्यावरच्या माणसाचं अन् वही दुसऱ्या गावातल्या कपाटात. म्हणून जिथं सामूहिक वनहक्क मिळालेत किंवा दावा टाकलेला आहे तिथं मी म्हणतो वनहक्क कायद्याचा आधार घ्या. २००६ च्या त्या कायद्यात कलम ३(१)(के) आहे, जे लोक तेंदू-बांबूच्या नादात वाचतच नाहीत. त्यात जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा हक्क अन् जैवविविधता व सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर, बौद्धिक संपदेवर समाजाचा सामूहिक हक्क, असं चक्क लिहिलेलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मधे सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर विदर्भात कितीतरी गावांना मिळाला, पण दाव्यात हा के लिहिलेला आहे का ते आपापल्या पट्ट्यावर बघा. नसेल तं ग्रामसभेत ठराव घ्या अन् पुरवणी दावा टाका.

ठराव लय कायदेशीर भाषेत पाहिजे असं नाही. असा लिहिला तरी चालते:

"आज दिनांक अमुक रोजी मौजा अमुक येथील ग्रामसभा भरली. ग्रामसभेच्या हद्दीतील वनस्पती, प्राणी, बियाणे व त्यांच्या वापराचे परंपरेने चालत आलेले ज्ञान हे गावाचे सामूहिक आहे. वनहक्क कायदा २००६ कलम ३(१)(के) नुसार त्यावर ग्रामसभेचा हक्क आहे. कोणतीही व्यक्ती, संस्था, कंपनी यांना हे ज्ञान नोंदवायचे, नमुने न्यायचे, फोटो किंवा व्हिडिओ काढायचे असल्यास ग्रामसभेची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. परवानगी दिलेल्या कामापलीकडे वापर करायचा असल्यास पुन्हा विचारावे लागेल. ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली सह्या-अंगठे, बायांचेही, अन् एक प्रत उपविभागीय अधिकाऱ्याला, एक जैवविविधता मंडळाला. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरलाच आहे, मुंबईला जायचं काम नाही, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येते.

आता जो माणूस खरोखर येतो त्याच्याबद्दल. कंपनी कधी कंपनी म्हणून येत नाही. येतो तो चांगला पोरगा असतो, पीएचडी करून राहिला असतो, मोटरसायकलवर येतो, काकाजी काकाजी करतो, अंगणात बसतो. म्हातारा साल कुटता कुटता बोलत जातो, पोरगा मोबाईल बाजेवर उलटा ठेवतो, रेकॉर्डिंग चालू, साल कोणत्या बाजूची, उगवतीकडची का मावळतीकडची, कुटायची का उगाळायची, सगळं. जाताना पॉलिथिनमधे थोडी साल घेऊन जातो. तो पोरगा चोर नाही, पण त्याचा प्रबंध छापला की आपलं दुसऱ्या वाट्यातलं पहिल्या वाट्यात गेलं, गावाला न विचारता. अन् भारतीय संशोधकाला नुसत्या अभ्यासासाठी जैवविविधता कायद्याखाली मंडळाची आगाऊ मंजुरी लागत नाही, परदेशी असेल तं चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची लागते. म्हणजे आपल्या पोरावर लगाम काय, तं गावानं त्याच्याशी केलेला करारच.

करार एक पानाचा करा, मराठीत. नाव, संस्था, मार्गदर्शकाचं नाव अन् सही (ही सही लय महत्त्वाची, पोरगा पास होऊन निघून जातो, संस्था तिथंच राहते). काय विचारणार, किती नमुने नेणार अन् ते कुठं ठेवणार. छापायच्या आधी मराठीत गावाला वाचून दाखवणार अन् गाव म्हणेल ते वगळणार. पेटंट किंवा धंद्यासाठी वापरायचं असेल तं नवीन परवानगी. परदेशातल्या संस्थेला निकाल किंवा नमुने देणार नाही, कारण त्याला तशीही प्राधिकरणाची मंजुरी लागते. अन् शेवटी अहवालाची एक प्रत गावाला. जो पोरगा खरा आहे तो आनंदानं सही करतो, जो कुरकुर करतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पैशाची बात आली तं ते कोणाच्या खात्यात जाणार हे आधी ठरवा. केरळातल्या काणी आदिवासींनी तिरुवनंतपुरमच्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी जंगलातली वनस्पती दाखवली, त्यावरून जीवनी नावाचं औषध झालं, संस्थेनं कंपनीकडून आलेल्या फी अन् रॉयल्टीतला अर्धा वाटा काणींना द्यायचं ठरवलं, आता द्यायचा कोणाच्या हातात? मंग १९९७ मधे काणींचा ट्रस्ट करावा लागला. आपल्याकडे ग्रामसभेचं खातं असेल तं ते चालू ठेवा, दोन सह्यांचं, त्यातली एक बाईची.

कायद्यात २०२३ मधे दुरुस्ती झाली तीही माहीत असू द्या. ग्रंथात लिहिलेलं ज्ञान वापरणाऱ्यांना अन् आयुषच्या डॉक्टरांना बऱ्याच गोष्टींतून सूट मिळाली, तुरुंगवास काढून दंड ठेवला. मला ही सूट पटली नाही, पण त्यातून आपल्यासाठी एक निघते: ग्रंथात नसलेलं, तोंडी चालत आलेलं ज्ञान अजूनही वाट्यासाठी धरलं जाते. म्हणून वहीत "हे आम्ही कोणत्या पुस्तकातून घेतलं नाही, अमुककडून ऐकून शिकलो" हे लिहाच, नाहीतर कंपनी म्हणेल हे तं ग्रंथातलंच आहे. अन् देशी कंपनीला वाटा द्यावा लागत नाही असं कोणी सांगितलं तं त्याला २०१८ चा उत्तराखंड हायकोर्टाचा दिव्य फार्मसीचा निकाल सांगा, देशी कंपनीलाही द्यावा लागतो असं कोर्टानं म्हटलं होतं.

बियाण्याचा रस्ता वेगळा आहे अन् जास्त सोपा. दादाजी खोब्रागडे आपलेच, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. पटेल ३ नावाच्या धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या निवडून निवडून त्यांनी वाण तयार केला, लोकांनी त्याला घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. तांदूळ देशभर विकला गेला, अन् दादाजींच्या हातात काय आलं ते सगळ्या विदर्भाला माहीत आहे, २०१८ मधे ते गेले. त्यांनी वाण निवडला तेव्हा तसा कायदाच नव्हता, तो २००१ चा, पीक वाण संरक्षण अन् शेतकरी हक्क कायदा. आता तुमच्या बांधीत असं काही असेल तं शेतकरी वाण म्हणून नोंदवता येते, शेतकऱ्याला नोंदणीची फी नाही, पिकाला १५ वर्षं अन् झाड-वेलीला १८ वर्षं संरक्षण. अर्जावर जैवविविधता समितीची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याची शिफारस चालते, म्हणजे समिती जिवंत असण्याचा इथं थेट उपयोग. वाण वेगळा दिसला पाहिजे, एकसारखा पाहिजे, अन् दरवर्षी तसाच निघाला पाहिजे, त्यामुळे दोन-तीन हंगाम लोंबी कधी निघाली, उंची किती, दाणा कसा, हे वहीत लिहून ठेवा अन् फोटो काढा. वाण गावानं मिळून जपला असेल तं एकट्याच्या नावावर नोंदवू नका, समाजाच्या नावावर करा, नाहीतर पुढं घराघरात भांडणं. अन् नोंदणी होईपर्यंत कोण्या बियाणे कंपनीच्या माणसाला दोन किलो "नमुना म्हणून" देऊ नका, शेजाऱ्याला दिलं तं चालते, तो आपला हक्कच आहे.

जागेच्या नावानं विकला जाणारा माल असेल तं भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. वायगावची हळद, भिवापूरची मिरची, नागपूरचा संत्रा यांना मिळालेलं आहे. पण टॅग मिळाला की झालं असं नाही. तो टॅग उत्पादकांच्या संघाच्या नावावर असतो, अन् प्रत्येक शेतकऱ्यानं स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवल्याशिवाय त्याला पोत्यावर तो छाप लावता येत नाही, अन् दहा वर्षांनी नूतनीकरण. तुमच्या हद्दीत टॅग असेल तं आधी नाव नोंदवा, नवीन टॅगच्या मागे नंतर धावा. जीआय नावाला वाचवते, पद्धतीला नाही, हे ध्यानात असू द्या.

गाण्यांचं थोडक्यात. गोंडांचं रेला गाणं पिढ्यानपिढ्याचं असल्यामुळे त्यावर कोणाचा कॉपीराइट नाही, पण जो रेकॉर्डिंग करतो त्याचा त्या रेकॉर्डिंगवर होतो, अन् यूट्यूबवर तोच उद्या तुमच्या पोराच्या व्हिडिओवर दावा ठोकतो. गाणाऱ्याला कलाकार म्हणून कायद्यात वेगळा हक्क आहे, तो तोंडी देऊन टाकू नका. साधा उपाय, आधी स्वतःच रेकॉर्ड करा, चांगल्या मोबाईलवर, गाणाऱ्यांची नावं सुरुवातीला बोलून.

आता राखण. पेटंट ऑफिसचं जर्नल दर शुक्रवारी निघते, अन् ऑफिसच्या वेबसाइटवर फुकटात अर्ज शोधता येतात. गावातल्या एका शिकलेल्या पोरीला हे काम द्या, महिन्यातून एकदा, आपल्या वहीतल्या दहा-वीस महत्त्वाच्या वनस्पतींची शास्त्रीय नावं टाकून बघायची. काही सापडलं अन् पेटंट अजून मंजूर झालं नसेल तं कलम २५(१) खाली कोणीही विरोध नोंदवू शकते, कोणीही म्हणजे कोणीही, तुम्हीसुद्धा, फॉर्म ७ए. त्यात दोन मुद्दे आपल्यासाठीच आहेत: के, म्हणजे हे ज्ञान स्थानिक समाजात तोंडी किंवा कसंही आधीपासून आहे, अन् जे, म्हणजे अर्जदारानं वनस्पती कुठून आणली हे लपवलं किंवा खोटं लिहिलं. हळदीच्या वेळी अमेरिकेत जे चालत नव्हतं ते आपल्या कायद्यात चालते, तोंडी ज्ञानसुद्धा. पण ते आपल्याकडे आधीपासून होतं हे दाखवायला तीच वही, तोच ठराव, तारखा, सह्या. मंजूर झाल्यावरही वर्षभरात विरोध करता येतो पण तेव्हा तुमचा त्यात संबंध आहे हे दाखवावं लागते, अन् वकील लागतो, म्हणून आधीच पकडा. विरोधासोबत वहीची फक्त तीच पानं लावा जी त्या वनस्पतीची आहेत, आख्खी वही नाही, नाहीतर एक वाचवता वाचवता बाकीचं आपल्याच हातानं जाहीर व्हायचं.

अन् पाठवलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत ग्रामसभेच्या पेटीत, एक दुसऱ्या कोणाच्या घरी. आपल्याकडे वाळवी लय.